एम ७४ : एक अंधुक सर्पिल दीर्घिका शोधावी, पाहावी आणि मोजावी कशी

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास ठाण्यातल्या कुठल्याही गच्चीवर उभे राहून मान पूर्ण मागे टाकली, तर एम ७४ ही सर्पिल दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह) जवळजवळ बरोबर डोक्यावर असते. ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर आहे आणि या दीर्घिकेची क्रांती (आकाशातला अक्षांश) १५.८ अंश उत्तर आहे, त्यामुळे याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ती खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, अवघी साडेतीन अंश दक्षिणेला असते. वातावरणाचा सर्वांत पातळ थर आपल्या आणि तिच्या मध्ये येतो. युरोपातल्या निरीक्षकांना न मिळणारी ही सोय आपल्याला बसल्या जागी मिळते आणि तरीही ठाणे किंवा नवी मुंबईच्या गच्चीवरून दुर्बिणीला डोळा लावून ती दिसत नाही. ती का दिसत नाही, ती पाहण्यासाठी काय करावे लागते आणि एकदा दिसल्यावर तिच्याविषयी ग्रंथांत छापलेल्या गोष्टींपैकी कोणत्या आपण स्वतः पडताळू शकतो, हे या लेखात क्रमाने सांगत आहे.

आधी तिची ओळख करून घेऊ. एम ७४ मीन राशीत आहे. फ्रेंच निरीक्षक पिएर मेशँ यांना ती १७८० च्या सप्टेंबरात दिसली आणि शार्ल मेसिए यांनी ती धूसर दिसणाऱ्या आकाशस्थ वस्तूंच्या आपल्या प्रसिद्ध यादीत ७४ व्या क्रमांकावर घातली. पुढे जॉन हर्शेल यांनी तिला ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ मानले. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांच्या ७२ इंची परावर्तक दुर्बिणीतून पाहिल्यावरच तिच्यात पीळ आहे हे ध्यानात आले, आणि १८५० पर्यंत जे मोजके 'सर्पिल तेजोमेघ' ओळखले गेले होते त्यांत तिचा समावेश झाला. तिचे अंतर सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षे मानले जाते. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे साधारण २.४ ते ३.३ कोटींच्या दरम्यान येतात. ती आपल्याकडे जवळजवळ संपूर्ण तोंड करून आहे, म्हणजे आपण तिच्या चकतीकडे वरून पाहतो. तिचे दोन मोठे सर्पिल बाहू इतके नेटके आहेत की सर्पिल दीर्घिका म्हणजे काय हे समजावताना तिचेच छायाचित्र वारंवार दाखवले जाते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये टिपलेल्या अवरक्त चित्रात त्या बाहूंमधली धूळ केंद्रापर्यंत सलग वळत गेलेली दिसते.

९.४ हा आकडा फसवतो

कोष्टकात एम ७४ ची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) ९.४ अशी दिलेली असते. नवा निरीक्षक हा आकडा वाचून निश्चिंत होतो, कारण ९.४ प्रतीचा तारा साध्या दुर्बिणीतून ठाण्याच्या आकाशातही सहज दिसतो. इथेच चूक होते. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, तर दीर्घिकेचा तेवढाच प्रकाश १०.५ गुणिले ९.५ कला एवढ्या चकतीवर पसरलेला असतो. (पंचांग पाहणाऱ्यांना कला आणि विकला परिचित आहेतच: एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला.) चंद्रबिंब सुमारे ३१ कलांचे असते, म्हणजे एम ७४ रुंदीला चंद्राच्या एक तृतीयांश आणि क्षेत्रफळाला एक दशांश भरते.

हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा, कारण तो केल्यावाचून या दीर्घिकेचा स्वभाव मनात उतरत नाही. चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस कला येते. ७८ चा लॉगरिदम घेऊन त्याला २.५ ने गुणले की ४.७ मिळतात. ते ९.४ मध्ये मिळवले की दर चौरस कलेमागे १४.१ प्रत, आणि दर चौरस विकलेमागे सुमारे २३ प्रत एवढी सरासरी पृष्ठतेजस्विता येते. मोठ्या शहराच्या आकाशाची स्वतःची तेजस्विता दर चौरस विकलेमागे १८ प्रतीच्या आसपास असते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. ठाण्याचे आकाश दीर्घिकेच्या चकतीहून शंभर पट उजळ असेल, तर त्या उजेडावर तिची भर केवळ एक टक्का पडते आणि एवढा सूक्ष्म फरक डोळा ओळखू शकत नाही. आकाश २१ प्रतीचे असेल तर हेच गुणोत्तर सुमारे सहावर येते आणि मग दीर्घिकेचा मधला, सरासरीहून उजळ भाग वेगळा दिसू लागतो. मोठा आरसा घेतल्याने हे गुणोत्तर बदलत नाही, कारण तो आरसा आकाशाचा उजेडही त्याच प्रमाणात गोळा करतो. म्हणूनच माझे ठाम मत असे आहे की या दीर्घिकेसाठी मोठी दुर्बीण घेण्यावर खर्च करण्यापूर्वी अंधाऱ्या जागेपर्यंतच्या प्रवासावर खर्च करावा.

कधी आणि कुठे जावे

दीर्घिका याम्योत्तर वृत्तावर ऑक्टोबरच्या मध्यावर मध्यरात्रीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास आणि डिसेंबरच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास येते. पावसाळा संपल्यानंतरची पहिली अमावास्या दिवाळीची असते आणि सुट्टी असल्यामुळे अनेकांचा बेत त्याच रात्रीचा ठरतो. तो बेत टाळावा. फटाक्यांचा धूर गावांवरही रेंगाळतो आणि धुरात विखुरलेला उजेड अंधुक दीर्घिकेचा घात करतो. त्यानंतरची कार्तिक अमावास्या माझ्या अनुभवात सर्वांत चांगली. हवा कोरडी झालेली असते, संधिप्रकाश सव्वासातपर्यंत पूर्ण मावळतो आणि शेवटच्या गाडीने परतणाऱ्यालाही निरीक्षणाला दोन तास मिळतात. मार्च महिन्यात एका रात्रीत मेसिएच्या यादीतील सगळे घटक पाहण्याचा उपक्रम अनेक मंडळे करतात. त्यात एम ७४ पश्चिमेच्या संधिप्रकाशात बुडत असताना शोधावी लागते आणि बहुतेकांची ती तिथेच निसटते. तिची पहिली भेट त्या रात्री ठेवू नये.

येऊर जवळ आहे आणि हिरवेगार आहे, परंतु त्याच्या एका बाजूला ठाणे आणि दुसऱ्या बाजूला मुंबईची उपनगरे आहेत, तेव्हा तिथले आकाश अंधारे होत नाही. वांगणी हे नाव मुंबई-ठाण्याच्या आकाशप्रेमींना गेल्या कित्येक वर्षांपासून परिचित आहे. खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शने तिथेच होत आली आहेत आणि ज्याच्याकडे स्वतःची दुर्बीण नाही त्याने सुरुवात अशा एखाद्या मंडळाबरोबरच करावी. नवी मुंबईच्या वाचकांना पनवेलमार्गे कर्जतची बाजू सोयीची पडते. स्वतःचे वाहन असेल तर कल्याणहून मुरबाड ओलांडून माळशेजच्या दिशेने पुढे जावे, कारण एम ७४ साठी डोक्यावरचा आकाशाचा तुकडा काळा असणे आवश्यक आहे आणि तो तिथे वांगणीपेक्षा अधिक काळा मिळतो. कोणाच्याही माळावर न विचारता बसू नये. दिवसाउजेडी जागा पाहून मालकाची परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलांना आपण कोण, किती जण आणि कशासाठी आलो आहोत हे सांगून ठेवावे. लांब नळकांडे घेऊन रात्री अंधारात बसलेल्या माणसांविषयी गावाला शंका येणे स्वाभाविक आहे.

आकाश पुरेसे चांगले आहे की नाही हे ठरवण्यासाठी मी रेवती नक्षत्राचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राची ओळख मानलेला तारा, वापरतो. तो याच मीन राशीत, दीर्घिकेच्या जवळ आहे आणि त्याची प्रत पाचच्या थोडी पलीकडे आहे. तो नुसत्या डोळ्यांनी, थेट किंवा तिरप्या नजरेने, जाणवला तर दुर्बीण उभी करावी. तो दिसत नसेल तर त्या रात्री देवयानी दीर्घिका, कृत्तिका आणि गुरू पाहून समाधान मानावे. दुसरी कसोटी त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ या दीर्घिकेची आहे. ती साध्या द्विनेत्रीतून फिकट ठिपक्यासारखी दिसली पाहिजे. जी रात्र एम ३३ दाखवत नाही ती एम ७४ कधीही दाखवणार नाही.

डोळ्यांची आणि साहित्याची तयारी

आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरची) दुर्बीण या कामाला पुरेशी आहे. सहा इंचीतूनही दीर्घिका दिसते, मात्र निव्वळ एक धूसर डाग म्हणून. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट वर्धन आणि सुमारे एक अंशाचे दृश्यक्षेत्र मिळते. शोधण्यासाठी हेच वर्धन ठेवावे. दीर्घिका हाती लागल्यावर १५ मिलिमीटरची नेत्रिका लावून ८० पटीपर्यंत जावे, कारण त्यामुळे पार्श्वभूमी थोडी गडद वाटते आणि केंद्र वेगळे काढता येते. शहरी उजेड कापण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तेजोमेघांच्या गाळण्या दीर्घिकेसाठी घेऊ नयेत. दीर्घिकेचा प्रकाश हा मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो आणि गाळणी तोही कापून टाकते.

अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना किमान अर्धा तास द्यावा. विजेरीवर लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी रबराने बसवावी आणि मोबाइल पिशवीत ठेवून द्यावा. एका कार्तिक अमावास्येला आम्ही मुरबाडच्या पुढे एका माळावर होतो. दीर्घिका नुकतीच जाणवू लागली होती आणि तेवढ्यात सोबत्याने थर्मास काढण्यासाठी गाडीची डिकी उघडली. आतला दिवा लागला आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्या पायरीवर आले. तेव्हापासून मी गाडीतला दिवा घरून निघतानाच बंद करतो आणि रात्री लागणारे सर्व काही बाहेर चटईवर मांडून ठेवतो. डिसेंबरात दव फार पडते. काळ्या कार्डशीटची नळी करून ती दुर्बिणीच्या तोंडावर फूटभर पुढे येईल अशी चिकटवावी आणि वापरात नसलेली नेत्रिका खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

शोधण्याची रीत

मेष राशीचे दोन ठळक तारे, हमाल आणि शेरातान, नोव्हेंबरात सहज ओळखू येतात. शेरातान म्हणजे अश्विनी नक्षत्रातला ठळक तारा. हमालपासून शेरातानकडे काढलेली रेषा तशीच पुढे, त्या दोघांमधल्या अंतराच्या दुप्पट वाढवली, की ती जवळजवळ अचूक ईटा पिशियम या ३.६ प्रतीच्या ताऱ्यावर येऊन टेकते. परिसरात त्याच्याएवढा तेजस्वी दुसरा तारा नाही, त्यामुळे चुकण्याची भीती कमी. दीर्घिका या ताऱ्याच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, १.३ अंशांवर आहे.

इथे आपल्या अक्षांशावरची एक विशेष अडचण येते. डॉब्सोनियन दुर्बीण अगदी डोक्यावर रोखली की ती आडव्या दिशेने नीट फिरत नाही. तिला थोडे सरकवायचे म्हटले तरी बैठक खूप मोठ्या कोनातून वळवावी लागते. दीर्घिका ठाण्याच्या आकाशात नेमकी याच कोपऱ्यातून जाते. म्हणून ती याम्योत्तरावर येण्याची वाट पाहू नये. त्याआधी साधारण सव्वा तास, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर सव्वानऊच्या सुमारास, शोध सुरू करावा. त्या वेळी ती पूर्वेकडे सुमारे सत्तर अंश उंचीवर असते, दुर्बीण हाताला वळते आणि हवेचा थरही फारसा वाढलेला नसतो.

आता पृथ्वीच्या फिरण्याचाच उपयोग करून घ्यावा. ही रीत जुनी आहे आणि मला ती कोणत्याही संगणकीय बैठकीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. ईटा पिशियम दृश्यक्षेत्राच्या मधोमध आणावा. मग दुर्बीण ध्रुवताऱ्याच्या दिशेने हलकेच इतकी सरकवावी, की ईटा क्षेत्राच्या कडेला जवळजवळ टेकेल. आता दुर्बीण त्या ताऱ्याच्या सुमारे २६ कला उत्तरेला रोखलेली आहे आणि दीर्घिका नेमक्या त्याच पट्टीवर, पण आकाशात पाच मिनिटे मागे आहे. घड्याळ लावावे आणि दुर्बिणीला हात न लावता थांबावे. ५ मिनिटे १३ सेकंदांनी एम ७४ आपल्या पायांनी क्षेत्राच्या मध्यावर येते. वाट पाहताना डोळे मिटून घ्यावेत, त्यांना विश्रांती मिळते. चार मिनिटांनंतर पुन्हा नेत्रिकेला डोळा लावावा.

या वेळी काय दिसेल याची अपेक्षा आधीच नीट बांधून घ्यावी. छायाचित्रातील निळे बाहू आणि गुलाबी ठिपके दिसणार नाहीत. सर्वप्रथम जे दिसते ते ताऱ्यासारखे वाटणारे लहानसे धूसर केंद्र, आणि नवा निरीक्षक त्याला तारा समजून पुढे जातो. त्याच्यावर थेट नजर न रोखता ती केंद्रापासून थोडी बाजूला ठेवावी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यापासून दूर दाटीने असतात. तरीही काही दिसले नाही, तर दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी. स्थिर असताना न जाणवणारा फिका डाग हलताच जाणवतो. पहिल्यांदा मला ती याच रीतीने दिसली: नळी थरथरली, तारे सारे एकत्र हलले आणि त्यांच्यामागे काळ्या कापडावरच्या पुसट ओल्या डागासारखे काहीतरी त्यांच्याबरोबर हलले. नळी स्थिरावल्यावर डाग पुन्हा नाहीसा झाला, पण आता त्याची जागा ठाऊक होती आणि दहा मिनिटांनी तो नळी न हलवताही टिकून राहिला.

घाई करू नये. एकाच जागी वीस मिनिटे पाहत राहिल्यावर चकती हळूहळू वाढत जाते, तिच्या कडा एकसारख्या नाहीत असे वाटू लागते आणि अतिशय चांगल्या रात्री दहा-बारा इंची दुर्बिणीतून एका बाजूला वळणाऱ्या उजेडाची चाहूल लागते. आठ इंचीतून मला स्वतःला बाहू कधी दिसलेले नाहीत. छायाचित्र मनात असल्यामुळे ते दिसल्याचा भास होऊ शकतो, म्हणून जे दिसते तेवढेच वहीत उतरवावे.

मोजावे काय आणि कसे

नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, नेत्रिका आणि रेवती दिसला की नाही, एवढे आधी लिहावे. मग एक वर्तुळ काढून त्यात क्षेत्रातले तारे आणि दीर्घिकेचा डाग पेन्सिलीने रेखाटावा. पुढच्या सगळ्या मोजमापांचा पाया हे रेखाटन आहे.

पहिले मोजमाप आकाराचे. ईटा पिशियम क्षेत्राच्या एका कडेवर आणून, दुर्बीण न हलवता, तो मधून जात दुसऱ्या कडेला पोहोचायला लागणारा वेळ मोजावा. त्या क्रांतीवर तारे मिनिटाला सुमारे १४.५ कला सरकतात. माझ्या नेत्रिकेत साडेचार मिनिटे लागली, म्हणजे क्षेत्र ६५ कलांचे. रेखाटनात दीर्घिकेचा डाग क्षेत्राच्या एक दशांश होता, म्हणजे साडेसहा कला. कोष्टक १०.५ सांगते. हा फरक आपल्या चुकीचा नाही. चकतीचा बाहेरचा भाग आकाशाच्या उजेडाखाली गेला, एवढाच त्याचा अर्थ. तीच दीर्घिका अधिक अंधाऱ्या जागेवरून पुन्हा मोजावी आणि आकडा वाढतो का ते पाहावे.

कलांवरून खरा व्यास काढायला अंतराला कलांनी गुणून ३४३८ ने भागावे. ३.२ कोटी गुणिले १०.५ भागिले ३४३८ म्हणजे सुमारे ९८ हजार प्रकाशवर्षे. आपल्या आकाशगंगेच्या चकतीशी तुलना करण्याजोगा हा आकडा आहे. माझ्या साडेसहा कलांचा डाग म्हणजे ६० हजार प्रकाशवर्षांचा पसारा. नेत्रिकेच्या एक दशांश भागात मावलेल्या त्या धुरकट ठिपक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला प्रकाशाला साठ हजार वर्षे लागतात, हे वहीत आकड्यांनी लिहिताना मला दर वेळी थांबावे लागते. तो प्रकाश निघाला तेव्हा आपण बसतो तो सह्याद्रीचा कातळ तयार होऊनच तीन कोटींहून अधिक वर्षे लोटली होती, कारण दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरे मोजमाप तेजाचे. निरपेक्ष प्रत म्हणजे वस्तू दहा पार्सेक अंतरावर असती तर दिसली असती ती प्रत (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे). ९.८ दशलक्ष पार्सेक अंतरासाठी दृश्य आणि निरपेक्ष प्रतींमधला फरक सुमारे ३० येतो, म्हणून दीर्घिकेची निरपेक्ष प्रत उणे २०.५ च्या आसपास निघते. सूर्याची ४.८ आहे. दोन्हींमधील २५ प्रतींहून थोड्या अधिक फरकाचा अर्थ असा, की ही दीर्घिका अदमासे १४०० कोटी सूर्यांएवढा प्रकाश देते.

तिसरे मोजमाप वेगाचे आहे. ते आपल्या दुर्बिणीतून करता येत नाही, पण समजून घेता येते. वर्णपटातील रेषा ताम्र, म्हणजे लाल, बाजूला सरकलेल्या आहेत आणि त्यावरून दीर्घिका सेकंदाला सुमारे ६५७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे, म्हणजे ताम्रसृती (रेषा सरकण्याचे प्रमाण) ०.००२१९. हबल स्थिरांक (दर दशलक्ष पार्सेक अंतरामागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो तो आकडा) ७० धरून भागाकार केला तर अंतर ९.४ दशलक्ष पार्सेक, म्हणजे ३.१ कोटी प्रकाशवर्षे येते. हे उत्तर इतर पद्धतींशी जुळते, पण त्यावर फार विसंबू नये. इतक्या जवळच्या दीर्घिकांच्या स्वतःच्या हालचाली सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या असू शकतात आणि त्या या हिशेबात मिसळून जातात.

माळशेज घाट ओलांडून जुन्नरच्या बाजूला उतरले, की नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे पसरलेल्या आहेत. हायड्रोजन अणूची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा अशा दुर्बिणींनी टिपता येते. एम ७४ ची ही रेषा ताम्रसृतीमुळे १४१७.३ मेगाहर्ट्झवर सापडते. या रेषेवरून असे दिसले आहे, की तिचा हायड्रोजन वायू ताऱ्यांच्या दृश्य चकतीच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेला आहे. दीर्घिकेचा कल किती हेही वायूच्या वेगांवरूनच चांगले कळते. ९.५ भागिले १०.५ असे गुणोत्तर घेऊन तिला तिरपी चकती मानली, तर कल २५ अंश येतो. वायूच्या वेगांवरून तो दहा अंशांच्या आत निघतो. चकतीची बाह्यरेषा मुळातच पूर्ण वर्तुळाकार नाही, म्हणून निव्वळ आकारावरून काढलेला कल फसवा ठरतो. तोंडासमोर असल्याने बाहू सुंदर दिसतात, पण तिच्या परिवलनाचा वेग मोजणे अवघड होते, कारण फिरण्याचा फारच थोडा अंश आपल्या दिशेने येतो.

कॅमेऱ्याने काम करणाऱ्यांसाठी

डोळ्याला न जमणारी वजाबाकी कॅमेरा करू शकतो, त्यामुळे ठाण्याच्या गच्चीवरून एम ७४ चे छायाचित्र घेता येते. पृथ्वीच्या गतीबरोबर फिरणारी बैठक, अनेक लहान उद्भासने (एक्स्पोजर), ती एकमेकांवर रचून सरासरी काढणे आणि आकाशाचा समान उजेड वजा करणे, अशी ही रीत आहे. वेळेचा हिशेब मात्र कठोर असतो. आकाश तीन प्रतींनी उजळ असेल तर तेवढ्याच दर्जाच्या चित्राला सुमारे सोळा पट वेळ लागतो. मुरबाडपलीकडच्या एका तासाला गच्चीवरचे सोळा तास, म्हणजे चार-पाच रात्री द्याव्या लागतात.

बाहूंमधले ताराजन्माचे गुलाबी प्रदेश टिपण्यासाठी अनेक जण हायड्रोजनच्या ताम्र रेषेची अरुंद गाळणी लावतात. तिथे ताम्रसृतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ही रेषा मूळची ६५६.३ नॅनोमीटरची आहे आणि एम ७४ मध्ये ती ६५७.७ वर सरकते. ७ नॅनोमीटर रुंदीची गाळणी तिला सामावून घेते. ३ नॅनोमीटरची गाळणी ६५७.८ च्या आसपास संपते, त्यामुळे रेषा नेमकी तिच्या काठावर येते आणि बराच प्रकाश वाया जातो. अधिक अरुंद आणि अधिक महाग गाळणी या दीर्घिकेसाठी वाईट ठरते.

दर वर्षी एकदा तरी तपासावे

या दीर्घिकेत २००२ ते २०१३ या अकरा वर्षांत तीन अतिनवतारे (स्फोट होऊन अचानक उजळलेले तारे) दिसले: २००२एपी, २००३जीडी आणि २०१३ईजे. पहिला जपानमधील हौशी निरीक्षक योजी हिरोसे यांनी शोधला आणि दुसरा ऑस्ट्रेलियात रॉबर्ट एव्हान्स यांनी स्वतःच्या दुर्बिणीतून, डोळ्यांनी पाहून शोधला. २००३जीडीच्या बाबतीत स्फोटापूर्वीच्या चित्रांत त्याच जागी एक लाल महाराक्षसी तारा सापडला आणि नंतरच्या चित्रांतून तो नाहीसा झाल्याचे दिसले. पहिला आणि तिसरा यांचे तेज साडेबारा प्रतीच्या आसपास गेले होते, म्हणजे अंधाऱ्या जागेवरून आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात होते. त्यामुळे दीर्घिका पाहून झाली तरी वही मिटू नये. डागाच्या आत आणि भोवताली दिसणारे आपल्याच आकाशगंगेतील तारे रेखाटनात अचूक जागी मांडून ठेवावेत. पुढच्या कार्तिकात तेच रेखाटन लाल उजेडात समोर धरून नेत्रिकेतून ताऱ्यामागून तारा जुळवून पाहावा. एखादा ठिपका वहीत नसेल, तर आधी तो सरकतो का हे तासाभराने पुन्हा पाहावे, कारण मीन रास क्रांतिवृत्ताजवळ आहे आणि तिथून लघुग्रह जात असतात. तो जागचा हलला नाही, तर वेळ, जागा आणि शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत अंदाजे प्रत लिहून घ्यावी, आधीच्या छायाचित्रांशी ताडून पाहावे आणि त्याच रात्री एखाद्या अनुभवी निरीक्षकाला फोन करून त्या जागी दुर्बीण रोखायला सांगावे.